काम कुठे खोळंबतं?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात नरेंद्र आणि पूनम पटनी या दाम्पत्याने राहत्या घरातच एक प्रयोग केला. एका खोलीला त्यांनी ‘अमेरिका’ म्हटलं, दुसरीला ‘भारत’. अमेरिकेतून कागद आणि सूचना भारतात जायच्या, तिथे कागदावरचा मजकूर यंत्रावर उतरवला जायचा आणि झालेलं काम अमेरिकेत परत यायचं. नियम एकच होता. दोन खोल्यांनी एकमेकींशी बोलायचं नाही, जे सांगायचं ते लिहून सांगायचं. अमेरिकन कंपन्यांचे कागद भारतात आणून संगणकाला वाचता येतील अशा रूपात बदलून द्यायचे, अशी त्यांच्या डोक्यातल्या धंद्याची कल्पना होती. त्या काळात परदेशी फोन लावणं म्हणजे दिवसाचा खर्च आणि दिवसाची वाट. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जे तोंडी विचारल्याशिवाय कळत नाही, ते समुद्रापलीकडच्या माणसाला कळणार नाही, हे त्यांना आधी घरात तपासून घ्यायचं होतं.

१९७२ मध्ये त्यांची ‘डेटा कन्व्हर्जन’ ही कंपनी निघाली. १९७८ मध्ये भारतात पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स आली. तिथल्याच नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर पडून १९८१ मध्ये इन्फोसिस काढली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्या खोल्यांच्या प्रयोगाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. माझ्या मते नव्या उद्योगाने शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. हाताखाली माणसं नव्हती, भांडवल बेताचं होतं, तरी त्यांनी माल विकायच्या आधी काम कसं वाहील ते पाहिलं. कुठे प्रश्न उरतो, कुठे वाट पाहावी लागते, कुठली सूचना अर्धवट आहे, हे तिथल्या तिथे दिसलं.

आज अंधेरीत, मुलुंडला किंवा घाटकोपरला दोन-तीन जणांनी सुरू केलेल्या उद्योगाला पहिला ग्राहक न्यू जर्सीचा किंवा हॅम्बर्गचा मिळू शकतो. कामाची पद्धत मात्र बहुतेक वेळा शेजारच्या गाळ्यातली असते. ‘मी सांगतो त्याला’, ‘फोटो टाक, बघतो’, ‘संध्याकाळी येऊन जा’. हे शेजारी चालतं, कारण शेजारी माणूस समोर असतो. ग्राहक दहा तासांच्या अंतरावर गेला की याच सवयी महाग पडतात.

या उपनगरांना हा धडा नवा नाही. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत १९७३ मध्ये ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन’ उभा राहिला. तेच आपलं सीप्झ. गुजरातेत कांडला येथे १९६५ मध्ये झालेल्या निर्यात क्षेत्रानंतरचं हे देशातलं दुसरं, आणि केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेलं पहिलं. जागा सुमारे ११० एकर, सहार विमानतळाच्या जवळ. त्या काळी एखादा सुटा भाग परदेशातून आणायचा तर आयात परवाना, जकात, परकीय चलनाची मंजुरी अशा एकामागून एक खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीपाशी फाइल पडून राहायची. सीप्झमध्ये सरकारने या खिडक्यांचा वेग वाढवायच्या फंदात न पडता कुंपणाच्या आतला माल देशात आलाच नाही असं मानायचं ठरवलं. कच्चा माल शुल्काविना आत येईल, तयार माल बाहेरदेशी जाईल, आणि सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आवारातच बसतील. कामाच्या फेरमांडणीत टप्पा जलद करण्यापेक्षा टप्पा काढून टाकणं मोठं असतं. एरवी परवान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या काळात सरकारने हे केलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

पहिल्या काही वर्षांत तिथे सुटे भाग जोडणारे कारखाने होते आणि कामाला बहुसंख्य बायका. मग सॉफ्टवेअर आलं. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने परदेशी संगणक आणण्याच्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करण्याची अट स्वीकारली. संगणक अमेरिकेच्या बरोज कंपनीचा होता आणि कामही तिच्याकडूनच येणार होतं. १९७७ मध्ये टाटा बरोज ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि ती सीप्झमध्ये बसली. काम करून घेणारा अमेरिकेत आणि करणारा अंधेरीत, हे चित्र तिथून नेहमीचं झालं.

मुंबई न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. एक प्रश्न विचारला आणि तो नीट लिहिला नसेल तर उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी उलट प्रश्न येतो. दोन वाक्यांच्या गोंधळाला दोन दिवस लागतात. उलट प्रश्न पूर्ण लिहिला, तर आपण झोपलेलो असताना उत्तर तयार होतं आणि सकाळी काम पुढे सरकतं. वेळेचा तोच फरक एकाला मारतो आणि दुसऱ्याला तारतो.

याचं एक उदाहरण म्हणजे अशांक देसाई आणि त्यांच्या मित्रांनी १९८२ मध्ये सुरू केलेली, सीप्झमध्ये वाढलेली मास्टेक ही सॉफ्टवेअर कंपनी. लंडन शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर १७ फेब्रुवारी २००३ पासून ५ पौंडांचा गर्दी-आकार लागू झाला, तेव्हा त्यामागचं सॉफ्टवेअर मास्टेकने केलेलं होतं. मुख्य कंत्राट कॅपिटा या ब्रिटिश कंपनीचं. आकार सुरू होण्याचा दिवस शहराच्या महापौरांनी जाहीर केलेला, त्यात पुढे-मागे व्हायला वाव नव्हता. अशा कामात कोण किती हुशार यापेक्षा कोणता निर्णय कोणी, कधीपर्यंत घ्यायचा हे ठरलेलं असणं जास्त कामी येतं.

दुसरं उदाहरण सिटीबँकेच्या घरातलं. सिटीकॉर्पची सॉफ्टवेअर कंपनी १९८० च्या दशकात सीप्झमध्ये आली. तिच्यातून राजेश हुक्कू यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकाच्या आरंभी एक वेगळी कंपनी निघाली. तीच पुढे आयफ्लेक्स, आणि ओरॅकलने घेतल्यावर ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस. गोरेगावला द्रुतगती महामार्गालगत तिची इमारत आहे. दीपक घैसास यांच्यासारखा मराठी माणूस तिच्या धुरीणांपैकी एक. या कंपनीने बँकांसाठी तयार उत्पादन विकलं, आधी ‘मायक्रोबँकर’ आणि मग ‘फ्लेक्सक्यूब’. प्रत्येक देशात व्याज मोजण्याची रीत वेगळी, सुट्ट्या वेगळ्या, चलन वेगळं. दर नव्या बँकेसाठी प्रोग्राम नव्याने लिहायचा तर माणसं पुरली नसती. म्हणून जे देशागणिक बदलतं ते एका बाजूला काढून भरता येतील अशा रकान्यांत ठेवलं आणि जे कुठेही बदलत नाही तो गाभा एकच ठेवला. लहान उद्योगालाही हे जमतं, अगदी कागदावर. आपल्या कामातलं काय सगळ्या ग्राहकांसाठी सारखं आहे आणि काय प्रत्येकासाठी वेगळं, याच्या दोन याद्या केल्या की निम्मी धावपळ कशामुळे होते ते कळतं.

कामाच्या फेरमांडणीच्या या विषयाला शास्त्राचं रूप दिलं अमेरिकेतल्या मायकेल हॅमर यांनी. १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत त्यांचा लेख आला आणि १९९३ मध्ये जेम्स चँपी यांच्यासोबतचं पुस्तक. त्या लेखातलं फोर्ड कंपनीचं उदाहरण अजून जुनं झालेलं नाही. उत्तर अमेरिकेत फोर्डच्या पुरवठादारांची बिलं चुकवणाऱ्या विभागात पाचशेहून अधिक माणसं होती. संगणक आणून ती चारशेवर आणता येतील असा फोर्डचा अंदाज होता. तेवढ्यात त्यांनी माझदाकडे पाहिलं. माझदा बरीच लहान कंपनी, पण तिथे या कामाला होती ५ माणसं. आकाराचा फरक धरूनही हिशेब जमेना.

फोर्डमध्ये खरेदी विभाग ऑर्डरची प्रत पाठवायचा, गोदाम माल मिळाल्याची पावती पाठवायचं, पुरवठादार बिल पाठवायचा. या तीन कागदांवरचे चौदा तपशील जुळले की पैसे निघायचे. जुळले नाहीत की पत्रव्यवहार. माणसांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जात होता. फोर्डने मग बिल घेणंच बंद केलं. ऑर्डर संगणकात नोंदलेली असेल. माल दारात आला की गोदामातला माणूस ती उघडून पाहील. जुळला तर उतरवून घेईल आणि पैसे आपोआप निघतील, नाही जुळला तर गाडी परत. या विभागातली माणसं पंचाहत्तर टक्क्यांनी कमी झाली.

अनेकांना हे उदाहरण नोकरकपातीचं वाटतं, आणि त्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी फेरमांडणीच्या नावाखाली भरपूर कपात केलीही. याच विचाराचे एक प्रवर्तक थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९५ मध्ये जाहीर तक्रार केली की या लाटेत माणसांचा विसर पडला. नव्या उद्योगाला ती भीती नाही, त्याच्याकडे कमी करायला माणसंच नसतात. त्याने फोर्डकडून घ्यायचं ते इतकंच, की तपासणी जिथे वस्तू असते तिथेच आणि तेव्हाच व्हावी. तीन आठवड्यांनी तिसऱ्याच्या टेबलावर होणारी तपासणी म्हणजे निव्वळ भांडणाची तयारी.

सीप्झमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांचे कारखाने आले आणि आज त्या आवाराची ओळख सॉफ्टवेअरइतकीच दागिन्यांची आहे. झवेरी बाजाराच्या माळ्यावर एक कारागीर दागिना जवळजवळ पूर्ण करायचा. त्याची नजर हीच तपासणी होती. अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीला मात्र एकाच अंगठीचे हजारो नग हवे असतात आणि प्रत्येक नग सारखा. मग काम तुटलं: संगणकावर आराखडा, रबरी साच्यातून मेणाचे नग, ओतकाम, घासकाम, जडाई, पॉलिश, शेवटची तपासणी. दर ऑर्डरला एक पाकीट आणि त्यासोबत कार्ड. पाकीट एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना सोनं तोललं जातं, आत किती आलं, बाहेर किती गेलं, घट किती. धूळ, पुसायचे कपडे, हात धुतलेलं पाणी यातून सोनं परत काढतात. आपल्याकडे झारेकरी सोनारांच्या पेठेतली माती धुऊन हेच करत आले. इथे ते कारखान्याच्या हिशेबात आलं.

याच कारखान्यांतला एक बदल मला फार शिकवणारा वाटतो. पूर्वी आधी धातू ओतायचा, मग त्यात एकेक खडा बसवायचा. बारीक हिऱ्यांच्या दागिन्यात सगळा वेळ तिथे जायचा आणि जडाईवाल्यापुढे पाकिटांची रांग लागायची. त्याऐवजी खडे मेणाच्या नगातच बसवायचे आणि मग खड्यांसकट ओतायचं, ही पद्धत रूढ झाली. मेण मऊ, त्यामुळे बसवणं झपाट्याने होतं. हिरा ती उष्णता सोसतो. पाचू सोसत नाही, आणि आत भेग असलेला हिराही फुटतो किंवा दुधाळ होतो. म्हणजे टप्प्यांचा क्रम बदलला तसं खडे निवडणाऱ्याचं काम अधिक जोखमीचं झालं. पूर्वी शेवटी कळणारी चूक आता पहिल्या टेबलावर पकडावी लागते. प्रक्रिया बदलताना हा दुसरा परिणाम हटकून येतो, आणि त्याची जबाबदारी कोणावर येणार हे आधी त्या माणसाला सांगणं एवढं सौजन्य मालकाकडे असायला हवं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क आधी २५ आणि मग महिनाअखेरीस ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा अमेरिकेवर अवलंबून असलेल्या सीप्झच्या दागिन्यांना मोठा फटका बसला. त्याच महिन्यात आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी झाली पण घरगुती निर्यातदारांना तो जास्त बोचला. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काविना जात असे. ती सवलत २९ ऑगस्टपासून सर्व देशांसाठी संपली. शुल्क कोणी गोळा करायचं याची व्यवस्थाच तयार नसल्यामुळे भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक पार्सलं थांबवावी लागली. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या मांडणीने: शुल्क पार्सल नोंदवतानाच भारतात भरायचं, म्हणजे पलीकडे ते अडणार नाही आणि घेणाऱ्याच्या दारात पैसे मागितले जाणार नाहीत.

मालाड हे इमिटेशन दागिन्यांचं मोठं केंद्र. समजा, बोरिवलीतल्या दोघी बहिणी मालाडच्या कारागिरांकडून कर्णफुलं करून घेऊन अमेरिकेत आणि युरोपात विकतात. ऑर्डर रात्री येते. सकाळी धाकटी कारागिराला फोटो पाठवते. सोनेरी की गुलाबी, हे ग्राहकाने लिहिलेलं नसतं, ते विचारण्यात दीड दिवस जातो. पितळी नग तयार होतो, पण प्लेटिंगवाला लॉट भरल्याशिवाय टाकी लावत नाही, चार दिवस. परत आल्यावर मोठीला फोटो दाखवून होकार घ्यायचा, ती दिवसभर नोकरीवर. मग कुरिअरवाला विचारतो, बिलावर नुसतं ‘ज्वेलरी’ का लिहिलंय? सोनं आहे का? पुन्हा एक दिवस. हात लागलेला वेळ मोजला तर तीन-चार तास भरेल आणि दिवस गेले दहा.

अशा वेळी पहिली सूचना मिळते ती ‘सॉफ्टवेअर घ्या’. माझं म्हणणं, आधी दहा ऑर्डरी घेऊन प्रत्येकीच्या बाजूला फक्त दोन वेळा लिहाव्यात: हातात कधी आली, हातातून कधी गेली. रांग कुठे लागते ते डोळ्यांना दिसतं. रंग आणि मापाचा प्रश्न ऑर्डरच्या अर्जातच सक्तीचा केला की दीड दिवस वाचतो. प्लेटिंगची वाट कमी करायला एक जुनी युक्ती आहे. इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटर आधी बिनरंगी विणून ठेवायचे आणि मागणी कळली की रंगवायचे, असा क्रम उलटा केला होता. बहिणींनाही चार खपणाऱ्या नमुन्यांचे पितळी नग बिनप्लेटिंगचे ठेवता येतील आणि आठवड्यातले दोन दिवस प्लेटिंगवाल्याकडे ठरवून घेता येतील, शेजारच्या दुसऱ्या कोणासोबत लॉट भरून. होकारासाठी मोठीची गरज नाही. चांगल्या नगाचा आणि नापास नगाचा असे दोन नमुने पॅकिंगच्या टेबलावर ठेवले की काम भागतं. बिलाचा मजकूर एकदा नीट लिहून ठेवायचा: धातू कोणता, मुलामा कसला, खडे काचेचे की कसले, आणि इमिटेशन दागिन्यांचा ७११७ हा सीमाशुल्क क्रमांक.

युरोपात विकायचं तर आणखी खोलात जावं लागतं. कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा तिथला नियम आहे. ही गोष्ट बोरिवलीत पॅकिंग करताना तपासून उपयोग नाही, ती मालाडच्या टाकीत ठरते. म्हणून तो आकडा प्लेटिंगवाल्याला दिलेल्या कामाच्या चिठ्ठीवर हवा आणि त्याच्याशी त्यावर बोलणं झालेलं हवं. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाच्या नव्या उत्पादन-सुरक्षा नियमांप्रमाणे तिथलाच एक जबाबदार प्रतिनिधी असणं आणि त्याचा पत्ता वस्तूसोबत देणंही सक्तीचं झालं आहे. लहान विक्रेत्यांनी काही देशांत विक्रीच थांबवली ती याच खर्चामुळे. सगळ्या जगाला विकता येतं म्हणून सगळ्या जगाला विकायला हवं असं नाही. दोन देश निवडून त्यांच्या अटी पूर्ण लिहून ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पैशाचा टप्पा बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. डॉलर आले तरी ते कशापोटी आले हे बँक विचारते, आणि ती मेल उघडलीच नाही म्हणून रक्कम पडून राहते. आयात-निर्यात क्रमांक, बँकेतली नोंद, निर्यातीवर जीएसटी न भरता माल पाठवता यावा म्हणून दर आर्थिक वर्षाला द्यायचं हमीपत्र, ही कामं पहिल्या ऑर्डरच्या आधीची आहेत. त्यातली दरवर्षीची कामं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवर टाकावीत. डाकघर निर्यात केंद्रांमुळे टपालाने निर्यात करण्याची कागदपत्रं आता जवळच्या टपाल कचेरीतूनही होतात, मुंबईत त्यासाठी बॅलार्ड इस्टेट गाठावंच लागतं असं राहिलेलं नाही.

आणि परत येणारा माल. याचा रस्ता फार थोडे लोक आखतात. परदेशातून पार्सल परत मागवलं तर ते आयात म्हणून येतं, तोच माल आहे हे दाखवावं लागतं, आणि तीस डॉलरच्या कर्णफुलासाठी येणारा खर्च त्याच्या किमतीला भिडतो. म्हणून किती रकमेपर्यंत माल परत न मागता पैसे द्यायचे किंवा नवा नग पाठवायचा, हे आधीच ठरवून तो अधिकार पॅकिंग करणाऱ्या मुलीला द्यायला हवा. मालकीणबाई झोपेतून उठेपर्यंत तक्रार करणारा ग्राहक थांबत नाही. त्या मुलीने महिन्याला अशा तक्रारींची कारणं एका वहीत लिहावीत, आणि पुढच्या महिन्यात कारागीर, प्लेटिंगवाला आणि दोघी बहिणी ती वही एकत्र बसून वाचतील, एवढी एक बैठक पुरेशी आहे. प्लेटिंगवाल्याला त्या दिवशीची मजुरी मात्र द्यावी. त्याचे दोन तास याच कामाचे आहेत.